गॅरेजच्या वर घर की गॅरेजला लागून? कडक थंडीत बांधणाऱ्यांसाठी

खाली गाड्या, वर राहण्याच्या दोन-तीन खोल्या. कागदावर ही रचना चटकन पटते. पाया एकच, छप्पर एकच, जागाही कमी अडते. सौम्य हवामानात हा हिशेब बहुतेक तसाच उतरतो. पण जिथे हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांपर्यंत उतरतो आणि जमीन कित्येक महिने गोठलेली राहते, तिथे एक गोष्ट बदलते. जमिनीवर बसलेल्या घराला थंडी वरून आणि चारही बाजूंनी भिडते, खालून मात्र तितकी नाही. गॅरेजवरच्या घराला ती खालूनही भिडते. अशी इमारत सुखाची ठरते की डोकेदुखी, ते माझ्या मते मुख्यतः एकाच ठिकाणी ठरतं: गॅरेज आणि घर यांच्यामधल्या मजल्यात, म्हणजे गॅरेजचं छत आणि घराची फरशी मिळून जो थर होतो त्यात. खोल्यांचा नकाशा, खिडक्या, स्वयंपाकघर हे सगळं त्यानंतर.

वर की शेजारी

उदाहरणासाठी ७ मीटर बाय ८ मीटरचं घर धरू, म्हणजे ५६ चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर उणे २५. न तापवलेलं गॅरेज बाहेरपेक्षा थोडं उबदार असतं, समजा उणे २०. मजल्यात चांगलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आहे आणि त्यातून दर चौरस मीटरला दर अंशामागे ०.२ वॉट उष्णता निसटते. तर ५६ गुणिले ०.२ गुणिले ४० अंशांचा फरक, म्हणजे मजल्यातून सुमारे ४५० वॉट सतत खाली जात राहतात. तेच घर गॅरेजच्या शेजारी जमिनीवर असेल आणि त्याच दर्जाचं इन्सुलेशन स्लॅबखाली, म्हणजे जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या थराखाली असेल, तर खालची माती साधारण ५ अंशांच्या आसपास राहते. फरक १५ अंशांचा, गळती सुमारे १७० वॉट. स्लॅबच्या कडांना ती जास्त असते, तरीही दोन्हींतली तफावत मोठी आहे.

शेजारी बांधण्याचे आणखीही फायदे आहेत. पाण्याची आणि सांडपाण्याची पाइपं थेट स्लॅबमधून वर येतात, थंड गॅरेजमधून जात नाहीत. जिना नाही. गॅरेजची हवा घरात ओढली जाण्याचा धोका कमी. त्या घरात वयस्कर किंवा चालायला त्रास होणारं माणूस राहणार असेल आणि जागा असेल, तर मी शेजारीच बांधायला सांगेन. बर्फाच्या दिवसांत बारा-पंधरा पायऱ्या रोज चढण्या-उतरण्याची सक्ती कोणावर करू नये.

मग वर बांधायचं कधी? प्लॉट अरुंद असेल तेव्हा. खाली खडक किंवा पाणथळ माती असेल आणि पायाचा प्रत्येक मीटर महाग पडत असेल तेव्हा. शेजारी-शेजारी बांधलं तर पाया आणि छप्पर दोन्ही जवळपास दुप्पट होतात, आणि थंड प्रदेशात पाया हीच खर्चिक बाब असते. शिवाय हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून, क्षितिजाजवळून सरकतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर ऊन जास्त मिळतं आणि साचलेला बर्फ खिडक्यांपर्यंत पोहोचत नाही. ही कारणं खरी आहेत, पण त्यांची किंमत त्या मजल्यात मोजावी लागते.

गॅरेज तापवायचं का?

मजला गार पडतो तर गॅरेजच थोडं तापवू, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. वरचंच उदाहरण घ्या. गॅरेज ५ अंशांवर ठेवलं तर मजल्यातली गळती ४५० वरून १७० वॉटवर येते. बचत सुमारे २८० वॉट. आता गॅरेजच्या भिंती पाहा: दारं वगळून ७० चौरस मीटरच्या आसपास. त्या बऱ्यापैकी इन्सुलेट केल्या तरी बाहेरच्या उणे २५ शी ३० अंशांचा फरक आहे, म्हणून ५०० वॉटच्या वर तिथून जातात. गाड्यांची दारं १२ चौरस मीटर धरली तर तिथून आणखी साडेतीनशे. वरून झिरपणारे १७० वजा केले तरी सातशेच्या आसपास उरतात, आणि त्यात फटींतून येणारी हवा व स्लॅबची गळती धरलेलीच नाही. २८० वाचवायला ७०० खर्च करणं हा व्यवहार बरा नाही.

गॅरेज तापवायला दुसरी कारणं असू शकतात. तिथे सुतारकाम किंवा गाडीची दुरुस्ती करायची असेल, पाण्याचा नळ हवा असेल, तर ते जरूर तापवा. मग स्लॅबखाली इन्सुलेशन घालणं आणि दारांच्या रबरी पट्ट्यांकडे लक्ष देणं भाग आहे. स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या टाकणार असाल तर त्यात साधं पाणी नको, ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं हवं. हिवाळ्यात वीज गेली तर साधं पाणी गोठून स्लॅबमधल्या नळ्या फुटू शकतात. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर आणखी एक बाब ध्यानात ठेवा: गाडीला चिकटलेला खारट बर्फ उबेत वितळला की पत्र्याला गंज लवकर लागतो.

फक्त मजला गार लागू नये म्हणून गॅरेज तापवू नका. तो पैसा मजल्यातच घाला.

मधला मजला

या मजल्याकडे बाहेरची भिंत म्हणून पाहायला हवं. वरच्या घरात गार पाय, गोठलेली पाइपं, पेट्रोलचा वास अशा तक्रारी येतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की बहुतेकदा मजल्याच्या कडेला, जॉइस्टच्या (मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळयांच्या) टोकांशी पोहोचतो. तिथे बाहेरच्या भिंतीवर जॉइस्ट टेकतात आणि लाकडाच्या पट्टीने कडा बंद केलेली असते. त्या पट्टीतल्या फटींतून थंड हवा जॉइस्टच्या पोकळीत शिरते आणि इन्सुलेशनच्या वरून, थेट प्लायवुडखालून वाहते. मग इन्सुलेशन कितीही जाड असलं तरी उपयोग नाही, कारण थंडी त्याला वळसा घालून आत आलेली असते.

पर्याय दोन. पहिला, जॉइस्टची पोकळी वरपासून खालपर्यंत पूर्ण भरायची, म्हणजे हवेला वाहायला जागाच उरत नाही. दाबून भरलेलं सेल्युलोज (कागदाच्या तंतूंचं इन्सुलेशन) किंवा फवारलेला फोम यासाठी चालतो. दुसरा, इन्सुलेशन खाली गॅरेजच्या छताला टेकवायचं आणि वर प्लायवुडखाली मोकळी जागा ठेवायची. मात्र कडेची पट्टी फोमने पूर्ण इन्सुलेट आणि हवाबंद करायची. दुसऱ्या पद्धतीत ती मोकळी जागा घराच्या उबेत राहते आणि मजल्याचं तापमान सगळीकडे सारखं राहतं. पाण्याची पाइपंही त्या उबदार पोकळीत बसतात. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, पण कारागीर कडेच्या कामात चुकला तर तीच जास्त त्रास देते. आपल्या हाताशी असलेल्या माणसांवर खात्री नसेल तर पोकळी पूर्ण भरून घ्या.

दोन्ही पद्धतींत जॉइस्टच्या खालून कडक फोमचा सलग थर द्या. लाकूड इन्सुलेशनपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, आणि हा थर नसेल तर प्रत्येक जॉइस्टवर मजला गार लागतो. फोम उघडा मात्र ठेवता येत नाही, तो आगीत पेटतो. त्याखाली जिप्सम बोर्ड लागतोच. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये वर राहण्याच्या खोल्या असतील तर गॅरेजच्या छताला १५.९ मिलिमीटरचा टाइप एक्स (आगीला जास्त वेळ तोंड देणारा) जिप्सम बोर्ड किंवा त्याच्या तोडीचा पर्याय सांगितला आहे, आणि गॅरेजमधून थेट झोपायच्या खोलीत उघडणारं दार चालत नाही. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, पण तो आधी वाचा आणि मगच थर ठरवा.

हवाबंद करण्याचं खरं कारण उष्णता नव्हे, धूर आहे. उबदार हवा घरात वर चढते आणि छताजवळच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. बाहेर जितकी थंडी, तितकी ही ओढ जास्त. खाली गॅरेज असेल तर ओढली जाते ती गॅरेजची हवा. आणि गार इंजिन सुरू होतं तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त बाहेर पडतो. या वायूला वास नाही, आणि तो हवेपेक्षा किंचित हलका आहे, त्यामुळे तो खालीच बसून राहील असं समजू नका. प्रत्येक वायर, पाइप आणि दिव्याभोवतीची फट सीलंटने बंद करा, वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि व्हेंटिलेटरसाठी, म्हणजे घरातली हवा बदलणाऱ्या यंत्रासाठी, बाहेरची हवा घेणारं तोंड गॅरेजच्या दारापासून निदान ३ मीटर दूर ठेवा. स्वयंपाकघरातला जोरकस एक्झॉस्ट पंखा ही ओढ आणखी वाढवतो. त्यामुळे हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा, जितकी बाहेर तितकीच आत घेणारा आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारा हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर इथे फार चांगला.

राहिली ती जमिनीतून वर येणारी पाइपं. न तापवलेल्या गॅरेजमध्ये सगळ्यात आधी गोठतं ते पाण्याचं उभं पाइप. ते बाहेरच्या भिंतीतून कधीही नेऊ नका. आतल्या बाजूला एक खोका करा, गॅरेजकडून जाड इन्सुलेशन आणि घराकडून उघडा, म्हणजे वरची ऊब त्यात उतरेल. त्यात जमिनीलगत तापणारी वायर गुंडाळून ठेवली तर वाईटातल्या वाईट रात्रीही निभावतं.

पाया

पारंपरिक पद्धत अशी की फूटिंग, म्हणजे पायाचा सगळ्यात खालचा रुंद भाग, जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यायचं. दुसरी पद्धत उथळ पायाची: पायाभोवती जमिनीत आडवं इन्सुलेशन पसरायचं, म्हणजे माती गोठतच नाही. खोदाई कमी होते, म्हणून दुसरी पद्धत मोह घालते. पण तिचं नेहमीचं गणित इमारतीतून जमिनीत झिरपणाऱ्या उष्णतेवर उभं आहे, आणि तुमच्या इमारतीच्या तळाला थंड गॅरेज आहे. वरचं घर कितीही उबदार असलं तरी ती ऊब मातीपर्यंत पोहोचत नाही. न तापवलेल्या इमारतींसाठी वेगळं गणित असतं; त्यात इन्सुलेशन पायाच्या आणि स्लॅबच्याही खाली पसरावं लागतं. इंजिनिअरला हे स्पष्ट विचारा, कारण "वर राहतात म्हणजे तापवलेली इमारत" असं धरून आराखडा काढला जाण्याची शक्यता असते.

माती कोणती आहे तेही बघा. जमीन फुगते ती फक्त पाण्याचा बर्फ झाला म्हणून नव्हे. बारीक गाळाची माती खालून पाणी शोषून घेत राहते आणि बर्फाचे थर जाड होत जातात. रेती-खडीचा थर आणि चांगला निचरा असेल तर निम्मी काळजी मिटते.

छप्पर आणि जिना

अर्धा मजला, म्हणजे उतरत्या छपराखाली बसवलेल्या खोल्या, की पूर्ण उंचीच्या भिंती? अर्धा मजला दिसायला सुंदर असतो. पण थंडीत मी पूर्ण भिंतीच निवडेन. उतरत्या छतात इन्सुलेशनला जागा कमी मिळते आणि कोनाकोपऱ्यांत हवेच्या फटी राहतात. त्यातून ऊब निसटली की छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी थंडगार वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे साठलेलं पाणी छतात शिरतं. पूर्ण भिंती, सपाट छत आणि वर जाड इन्सुलेशनचा मोकळा माळा असेल तर हा प्रश्न बराच सुटतो. ट्रसच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) टोकाशी जास्त उंची असलेला प्रकार मागा, म्हणजे वळचणीपाशीही इन्सुलेशनची पूर्ण जाडी बसते.

जिना बाहेर काढला तर आतली जागा वाचते, पण त्यावर बर्फ साचतो. आत घेतला तर मजल्या-मजल्यातली ३.१ मीटर उंची चढायला साधारण १६ चढ लागतात, आणि वर-खाली उभं राहायची जागा धरून साडेपाच मीटर लांबी जाते. म्हणून आत जिना घेणार असाल तर ७ मीटर रुंदी दोन गाड्यांना तोकडी पडते. एक मीटर वाढवून घ्या. बाहेरचाच हवा असेल तर त्यावर छप्पर आणि बाजूला आडोसा द्या, आणि पायऱ्या जाळीच्या लोखंडाच्या करा, म्हणजे बर्फ खाली पडतो.

छपराचा उतार कोणत्या बाजूला, हे मात्र नकाशा पक्का होण्याआधी ठरवा. घसरलेला बर्फ एकाच वेळी ढिगाने खाली येतो. तो गॅरेजच्या दारासमोर, जिन्यावर किंवा हीट पंपाच्या (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणाऱ्या यंत्राच्या) बाहेरच्या युनिटवर पडता कामा नये. गाड्यांची दारं त्रिकोणी भिंतीच्या बाजूला घ्या, कारण त्या बाजूला छपराचा उतार नसतो. हीट पंपाचं युनिट त्याच बाजूच्या भिंतीवर, तुमच्याकडे साचणाऱ्या बर्फाच्या उंचीपेक्षा वर बसवा.