चिमुकल्या जिम्नॅस्टचे व्हिडिओ: खुलं पेज, प्रायव्हेट खातं की घरचा ग्रुप?

धाकट्या जावेची मुलगी सहा वर्षांची. जूनपासून पंचवटीत जिम्नॅस्टिक्सला जाते. परवा जाऊ म्हणाली, "ताई, हिचं इन्स्टावर पेज काढू का? बॅचमधल्या चौघींचं आहे." माझी लेक आता अकराची. तिचं पेज दोन वर्षं मीच चालवलं आणि मीच बंद केलं, त्यामुळे जावेला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं जमलं नाही.

खुल्या पेजची मजा खोटी नाही. ओझरची आजी, पुण्याचा मामा, शाळेतल्या बाई, सगळे बघतात. पोरगी हरखते. एखादा दुकानदार लिओटार्ड (जिम्नॅस्टिक्सचा अंगाला घट्ट बसणारा, पाय उघडे ठेवणारा पोशाख) फुकट पाठवतो आणि बदल्यात रील मागतो. पण एका रात्री मी आकडे उघडून बसले. ट्रॅक पँटवर मारलेली कार्टव्हील, म्हणजे हात टेकून घेतलेली आडवी कोलांटी, दोन-अडीचशे जणांनी पाहिली होती, बहुतेक ओळखीचेच. लिओटार्डमधला स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय ताणून जमिनीला टेकवणं, मात्र हजारोंत गेला होता. लाइक साठेक, आणि सेव्ह त्याच्या तिप्पट. कोणी सेव्ह केलंय त्यांची नावं दिसतात का, हे मी अर्धा तास शोधत होते. दिसत नाहीत.

ही एकट्या माझी धास्ती नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये यूट्यूबनं लहान मुलांच्या कोट्यवधी व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या. खेळणाऱ्या, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींच्या अगदी साध्या व्हिडिओंखाली विकृत लोक नेमके सेकंद लिहून ठेवत होते, हे उघड झालं आणि मोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा कुठे. म्हणजे आईबापांनी काही वावगं टाकलेलंच नव्हतं. कपड्यांचाही दोष नाही. अर्थात ज्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी पायभर पोशाख नियमात बसतो. २०२१ च्या बासेलमधल्या युरोपियन स्पर्धेत जर्मनीच्या मुली तोच घालून उतरल्या होत्या.

मग प्रायव्हेट खातं? तेरा वर्षांखालच्या मुलाला इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं काढता येत नाही. पालक चालवतात, असं बायोमध्ये लिहावं लागतं. प्रायव्हेट केलं की रिक्वेस्ट मंजूर करणं आपल्या हातात, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. "बॅचमधल्या कुणाची तरी मावशी असेल" म्हणत मी होकार देत गेले. पाच महिन्यांनी चारशे फॉलोअर्स झाले, आणि मला ओळखू येत होते त्यातले नव्वद. स्क्रीनशॉट तर कुणीही काढतो.

घरचा व्हॉट्सॲप ग्रुपही गळतो. आमच्या आत्याबाईंनी उत्साहाच्या भरात एक व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. पण त्यांना फोन करून "आत्या, काढा बरं तो" म्हणता आलं, आणि पाच मिनिटांत तो गेला. चारशेंतल्या तीनशे दहांना फोन कुठे करणार? माझ्या लेखी निकाल इथेच लागतो.

"पण पुढे जायला प्रसिद्धी लागतेच ना?" हा जावेचा खरा प्रश्न. नाही लागत. निवड होते ती जिल्हा, मग राज्य, अशा स्पर्धांमधून. दहावी-बारावीचे क्रीडागुण प्रमाणपत्रावर मिळतात, फॉलोअर्सवर नाही. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींना सोळाव्या वर्षापासूनच उतरता येतं. आपल्या कन्येच्या हाताशी दहा वर्षं आहेत.

आता क्लासचं. घरी कितीही सांभाळलं तरी क्लासच्या पेजवर तीच मुलगी रोज दिसत असेल तर उपयोग शून्य. टी-शर्टवर क्लासचं नाव, खाली लोकेशन, वर "साडेचारची बॅच": म्हणजे पोर कोणत्या गेटपाशी कधी उभी असते, तेही जगाला कळलं. प्रवेश अर्जातली "प्रसिद्धीसाठी फोटो व व्हिडिओ वापरण्यास संमती" ही ओळ खोडून मग सही करा. आमच्या पहिल्या क्लासमध्ये यावर "मॅडम, सगळ्यांचेच टाकतो" असं ऐकून घ्यावं लागलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, हे नम्रपणे सांगायला हरकत नाही. दुसऱ्या क्लासमध्ये सगळ्यांचे मोबाइल दाराशी टोपलीत जायचे, सरांचासुद्धा.

ती टोपली मला सगळ्यात आवडली, आणि कारण निराळं आहे. पहिल्या क्लासमध्ये सर डाव्या हातात मोबाइल धरून उजव्या हातानं पोरींच्या कमरेला आधार द्यायचे. बॅकबेंड, म्हणजे मागे वाकून हात टेकवणं, करताना एकीचा हात मनगटात दुमडला; सर आधी मोबाइल सावरत होते. नशीब, नुसतं मुरगळलं. ट्रायलला जाल तेव्हा सरांचे दोन्ही हात कुठे आहेत तेवढं बघा. रीलसाठी "आणखी एकदा, जरा खाली" म्हणणाऱ्या आईचा मोबाइलही तितकाच घातक. ती आई मीही होते.

आधीच पेज असेल आणि कुणी मुलीबद्दल घाणेरडं लिहिलं तर वाद घालू नका. स्क्रीनशॉट ठेवा, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

जावेनं शेवटी अकरा जणांचा ग्रुप काढला. पहिला व्हिडिओ बारा सेकंदांचा, हॉलमधल्या कार्टव्हीलचा. ओझरहून आजीचा व्हॉइस मेसेज आला: "छान गं बाई! पण फरशीवर नको, खाली गादी टाक."