फ्लोरेन्स: घुमट चढावा की घंटामनोरा?

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट असो की शेजारचा घंटामनोरा, लिफ्ट दोन्हीकडे नाही. वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, चित्रकार जोत्तोच्या नावाच्या मनोऱ्याला ४१४. खरा फरक वाटेचा आहे. घुमटाची वाट त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कवचांमधल्या फटीतून जाते. १४२० ते १४३६ दरम्यान रचलेल्या विटा तिथे हाताच्या अंतरावर दिसतात: आडव्या थरांत मध्येमध्ये उभी वीट, त्यामुळे ओला थर आत घसरत नसे आणि जमिनीपासून लाकडी आधार लागला नाही. हे पाहायला तरी घुमट चढावाच! मात्र तिकीट वेळ ठरवूनच मिळतं, शेवटचा चढ खडा आणि अरुंद. बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर टाळा.

मनोऱ्यात मधल्या मजल्यांवर दम खाता येतो. वर जाळी आहे, तरी फोटोसाठी मनोराच बरा, कारण घुमटावरून घुमट दिसत नाही.