शीटमधला भाव वेबपानावर: आयफ्रेम, सीएसव्ही की एपीआय?

सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा फोन खाली राहत नाही. "कारंज्यात आज काय निघाला जी भाव?" दारव्हा तालुक्यातले सभासद, माल कारंज्याला न्यावा, दिग्रसला की यवतमाळला, हे सकाळच्या आकड्यावर ठरतं. आमचा एक पोरगा यार्डात उभा राहून मोबाईलवरूनच गूगल शीट भरतो: बाजार, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण दर आणि शेरा. म्हणजे माहिती तयार आहे, ती कंपनीच्या वेबपानावर आणायची एवढंच काम. शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीला हेच करायचं आहे आणि कोणता रस्ता धरावा म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही यातले तीन रस्ते तुडवलेत, उरलेले दोन करून पाहिलेत.

सगळ्यात सोपा आयफ्रेम, म्हणजे आपल्या पानात दुसरं पान चौकटीत बसवायचं. फाईल मेनूत शेअरखाली 'पब्लिश टू वेब' आहे. तिथून एम्बेडचा कोड घ्या, पानात चिकटवा, दहा मिनिटांत काम होतं. पण दिसतं कसं? शीट जशीच्या तशी, रेघोट्यांसकट. आमचे सभासद पान बघतात ते पाच-सहा हजारांच्या मोबाईलवर. सर्वसाधारण दराचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर जातो आणि माणूस कमीत कमी दर बघून बाजाराला शिव्या देतो. पहिला आठवडा काढायला ठीक.

त्याच मेनूतून एम्बेडऐवजी सीएसव्ही निवडली की शीटमधले नुसते आकडे स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरात मिळतात. तो मजकूर जावास्क्रिप्टने उचलायचा आणि आपल्याला हवा तसा मांडायचा. सात बाजारांची फाईल जेमतेम एक केबी भरते, त्यामुळे टॉवर अर्धा असला तरी उघडते. आम्ही आज हेच वापरतो, पण पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो होतो. सकाळी साडेअकराला एका काकांचा फोन: "दादा, सोयाबीन चार रुपये कुंटल झालं का जी?" पान उघडून पाहिलं तर खरंच 4! झालं असं की शीटमध्ये दर 4,650 असा, मध्ये स्वल्पविराम घालून दिसत होता. सीएसव्हीत आकडा जसा दिसतो तसाच येतो, फक्त अवतरणचिन्हांत गुंडाळून. मी मात्र प्रत्येक स्वल्पविरामावर ओळ तोडत होतो. 4 गेला दराच्या रकान्यात, 650 शेजारच्या. शेऱ्यात 'ओलं, काडीकचरा जास्त' लिहिलं की तीच गत. तेव्हा ओळी हातानं तोडू नका. पापापार्स नावाची फुकट लायब्ररी हे नीट करते. शिवाय दराच्या रकान्याचं फॉरमॅट बिनस्वल्पविरामाचं ठेवा.

सीएसव्हीची दुसरी अडचण उशीर. शीटमध्ये बदललेला आकडा पब्लिश झालेल्या प्रतीत पोचायला पाचेक मिनिटं लागतात, कधी थोडी जास्त. हर्रास चालू असताना मिनिटामिनिटाला भाव दाखवायचा असेल तर हा रस्ता नको.

तिथे जीव्हिझ आठवतं. गूगलच्या चार्टसाठी बनलेली ही सोय थेट शीटला प्रश्न विचारू देते: फक्त कारंजा दाखव, दर उतरत्या क्रमानं लाव. गूगलकडून काढायची सांकेतिक चावी (एपीआय की) लागत नाही, आकडा ताजा मिळतो. पण हिची एक खोड आमच्या कामाच्या नेमकी आड आली. एका रकान्यात बहुतेक आकडे असले की ती त्याला आकड्यांचा रकाना मानते आणि मध्येच आलेले शब्द गिळून टाकते. दिग्रसपुढे पोरानं 'आवक नाही' लिहिलं, पानावर रिकामी जागा. तारखेतही महिना शून्यापासून मोजते. जानेवारी म्हणजे 0. हे माहीत नसलं की सोयाबीनचा भाव एक महिना जुना दिसतो.

अधिकृत शीट्स एपीआयला, म्हणजे प्रोग्रामनं शीट वाचायच्या गूगलच्या दाराला, गूगल क्लाउडमध्ये प्रोजेक्ट आणि चावी लागते. एका प्रोजेक्टला मिनिटाला 300 वाचनांची मर्यादा आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर लिंक पडल्याबरोबर चारशे जणांनी पान उघडलं की काहींना भावाऐवजी एरर दिसणार. चावी पानाच्या सोर्समध्ये उघडी पडते, म्हणून ती फक्त आपल्या साईटला आणि फक्त शीट्स एपीआयला बांधून ठेवावी लागते. आणि जुनी उदाहरणं शोधून चिकटवू नका: तिसरी आवृत्ती 2021 मध्ये बंद झाली, तेव्हापासून ते कोड मेलेलेच आहेत. सात ओळींच्या तक्त्यासाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

पाचवा रस्ता अॅप्स स्क्रिप्टचा, म्हणजे शीटला जोडून गूगलवरच चालणाऱ्या आपल्या छोट्या प्रोग्रामचा. शीट खाजगी ठेवून स्क्रिप्टनं मोजकीच माहिती बाहेर द्यायची. सभासदानं नंबर टाकला की त्याच्याच मालाचं वजन दिसावं, असं काही हवं असेल तर हाच, पण नंबरासोबत ओळख पटवणारं काहीतरी मागा, नाहीतर कोणीही कोणाचं वजन पाहील. उघडायला दोन-तीन सेकंद घेतो. कोड बदलला तर डिप्लॉयमध्ये नवी आवृत्ती काढावी लागते. मी ते विसरलो आणि अर्धा दिवस जुनाच कोड तपासत बसलो.

आता खरा फरक, जो मला उशिरा कळला. जीव्हिझ आणि चावीवाल्या एपीआयसाठी अख्खी फाईल 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडावी लागते. आमच्या फाईलमध्ये भावाच्या शेजारच्या टॅबवर सभासदांचे बँक खाते क्रमांक होते. 'पब्लिश टू वेब' मात्र एकच टॅब बाहेर काढतं आणि बाकी फाईल बंदच राहते. फक्त तिथे आधीच 'एन्टायर डॉक्युमेंट' निवडलेलं असतं. ते बदलून भावाचा टॅब निवडायचा. त्यातूनही जीव्हिझच हवं असेल तर वेगळी फाईल करा आणि इम्पोर्टरेंज या शीटच्या सूत्रानं तेवढेच रकाने तिच्यात आणा.

म्हणून शेजारच्या कंपनीला मी सांगितलं: दिवसातून दोन-तीनदा भाव बदलत असेल तर एक टॅब, सीएसव्ही, पापापार्स. शेजारी हमीभावाचाही रकाना ठेवा (सोयाबीनचा 2025-26 चा 5,328 रुपये होता), लोक आधी तेच ताडून बघतात. आणि शीटमध्ये 'भाव कधी भरला' हा खाना पोराकडून सक्तीनं भरून घ्या, पानावर तो सगळ्यात वर ठळक दाखवा. आमच्याकडे लाईन गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की कालचाच भाव पानावर राहतो, आणि ट्रॅक्टर भरून माणूस कारंज्याला निघालेला असतो.