ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: घरी बसवलेला इंटरकूलर, इनटेक आणि प्लग, नऊ महिन्यांनंतर

गाडी स्कोडाची, २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, कंपनीकडून २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क. बसवलेलं सामान: मोठा बार-अँड-प्लेट इंटरकूलर, बंद डब्याचा इनटेक (इंजिनला हवा देणारा फिल्टर आणि पाइप), एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे स्पार्क प्लग आणि स्टेज १ मॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर. कोल्हापूरचा एक उन्हाळा, एक पावसाळा आणि गळीत हंगामाची सुरुवात बघून झाली. या यादीत पैसे वसूल झाले ते इंटरकूलरचे. इनटेकने मुख्यतः आवाज दिला. नाद खुळा आवाज आहे, पण आवाजच.

टर्बोने दाबलेली हवा तापते, ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलर गार करतो. मूळ इंटरकूलर एक-दोन जोरदार पिकअप सोसतो. सावंतवाडीकडून आंबोली घाट चढताना मात्र तोच तापून बसतो. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, नॉक (पेट्रोल अवेळी भडकणं) टाळायला इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी जड लागते. ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) इनटेक हवेचं तापमान लावून बघा, लगेच कळतं. आता ते बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर जातं आणि पाय काढला की झटकन उतरतं. तोटाही आहे: हा जाड इंटरकूलर रेडिएटरची हवा अडवतो. एप्रिलमध्ये दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत फॅन पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरतो. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र हलला नाही.

बसवणं दोन माणसांचं, अख्ख्या दिवसाचं काम. गाडी जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा. बंपर टी-२५ आणि टी-३० टॉर्क्सने निघतो. खरी मेख पुढे. इंटरकूलर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधोमध, दोन भाकरींमधल्या झुणक्यासारखा दडपून बसलेला असतो. एसीची नळी उघडायची नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर वरच्या पट्टीला केबल टायने टांगा, मधले बोल्ट काढा आणि इंटरकूलर खाली सरकवा. ओढताना कंडेन्सरच्या पातळ जाळीवर पुठ्ठा धरा. परत लावताना बोल्ट प्लास्टिकमध्ये जातात. ड्रिल मशीनने आवळले की आटे गेलेच म्हणून समजा. हाताने लावा, शेवटी छोट्या टॉर्क पान्याने.

सगळ्यात जास्त दगा पाइपच्या जोडांवर होतो. तिथे ओ-रिंग आणि तारेची क्लिप असते. ओ-रिंग कोरडी ढकलली तर दुमडते किंवा कापली जाते, म्हणून बोटाने सिलिकॉन ग्रीस लावा. क्लिप बसल्याचा 'टक' आवाज आला तरी पाइप मागे ओढून बघा. अर्धवट बसलेली क्लिप सावकाश चालवताना गप्प असते आणि बूस्ट (टर्बोचा दाब) भरला की पाइप उडतो. बारीक गळती असेल तर फुसफुस ऐकू येते, ओढ कमी होते आणि जोडापाशी तेलकट डाग दिसतो.

म्हणून बंपर चढवण्याआधीच हवा भरून तपासा. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून इनटेक पाइपच्या मापाचं नायलॉनचं बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून मिळतो. इतकं साधं काम कोल्हापुरात अडत नाही. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरने १० ते १५ पीएसआय, त्याहून जास्त नाही. साबणाचं पाणी जोडांवर मारा, बुडबुडे आले तिथे गळती. बुचासमोर तोंड नेऊ नका.

प्लग चारच, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. गरम ॲल्युमिनियम हेडमध्ये आटे ओढले जातात. प्लगच्या टोकांमधली फट साधारण ०.७ मिलिमीटर, फीलर गेजने (पातळ पात्यांचं माप) मोजलेली. मूळ फट ठेवली आणि बूस्ट वाढवला की ठिणगी विझते, वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिल्यावर गचके बसतात. लोक प्लगला वीज देणारी कॉइल बदलत बसतात, दोष फटीचा असतो.

इनटेक घ्यायचाच तर उघड्या कोनचा नको, तो बॉनेटखालची गरम हवाच ओढतो. बंद डबा घ्या. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागची धूळ, उसाचा पाला आणि कारखान्यांच्या चिमण्यांची राख फिल्टरवर बसते. तेव्हा दर महिन्याला काढून बघावा लागतो. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवा आणि तेल अगदी थोडं मारा. कंडेन्सरची जाळीसुद्धा त्याच दिवशी मंद पाण्याने धुऊन टाका. पावसाळ्यात हवेचं तोंड खाली उतरवणारी नळी नकोच. पंचगंगा पसरली की रस्त्यावर किती पाणी आहे ते गाडीतून समजत नाही, आणि सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं.

मॅप साध्या पेट्रोलवर हवा की १०० ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉक किती सोसतं त्याचं माप), हे रोज कुठलं पेट्रोल मिळतं त्यावर ठरवा. १०० चा मॅप आणि टाकीत साधं पेट्रोल, असं झालं की टायमिंग पुन्हा मागे जातं आणि सगळा खर्च पाण्यात. डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल आणि फिल्टर कंपनी ६०,००० किलोमीटरला सांगते. वाढलेल्या टॉर्कवर ४०,००० ला उरकलेलं बरं.

कायद्याचंही बघून घ्या. परवानगी नसलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो तो वेगळाच. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) म्हणूनच इथे घेतलेला नाही. मूळ इंटरकूलर, एअरबॉक्स आणि क्लिपा माळ्यावर जपून ठेवा. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तेच मागतं.