खोली भाड्यानं घेताना काय द्याल: आधारची झेरॉक्स, मास्क्ड आधार की लायसन्स?

सावंतवाडी-चंदगडकडून नोकरीसाठी गोव्यात येऊन म्हापशात नाहीतर पर्वरीत खोली बघायला लागलात, की एजंट भाडं सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, "आधारचा फोटो व्हॉट्सॲप करा." भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्यामुळे ओळखपत्र मागणं चुकीचं नाही. कोणतं द्यायचं, हे मात्र तुमच्या हातात आहे.

पूर्ण आधार सगळीकडे चालतं, वेळ जात नाही. पण पासवर्ड बदलता येतो, हा 12 आकडी क्रमांक नाही. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत, म्हणजे एईपीएसमध्ये, ओटीपी लागत नाही की पिन लागत नाही. क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर काम भागतं. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांच्या नकली प्रती बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. मग त्यातला एक तुकडा आपण होऊन कशाला वाटायचा?

मास्क्ड आधारवर क्रमांकाचे शेवटचे 4 आकडेच दिसतात. मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून ते फुकट उतरवता येतं. नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता मात्र जसाच्या तसा राहतो, हे विसरू नका. पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो सगळ्यांचा एकाच साच्यातला: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. ओळखीच्याला तो काढायला मिनिटही लागणार नाही.

मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड द्या असं सांगितलं, आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. गोंधळ उडाला तो उडालाच, सल्ला मात्र वाईट नव्हता.

ड्रायव्हिंग लायसन्स मला खोलीसाठी सगळ्यांत बरं वाटतं. पत्ता, फोटो, जन्मतारीख त्यावरही असते, पण त्या नंबरावर कुणी बँकेतून पैसे काढत नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घ्यायची तर ते दाखवावंच लागतं. तिथं दाखवा, मूळ कार्ड गहाण ठेवून येऊ नका. लायसन्स नसेल किंवा घरमालक आधारवरच अडून बसला, तर मास्क्ड.

खरी गळती कागदापेक्षा फोटोतून होते. एजंटच्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर, मग घरमालकाच्या मुलाच्या फोनवर. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर कधी बघा: डाउनलोड्समध्ये लोकांची आधारं ओळीनं पडलेली असतात. तिथं प्रिंट काढलीत तर फाइल स्वतः डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. प्रत कागदावरच द्या. 'फक्त भाडेकरारासाठी', तारीख आणि सही फोटोच्या कडेवरून तिरकी जाऊ द्या.

आधीच पूर्ण आधार वाटून बसला असाल तर मायआधारच्या साइटवरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांची ओळख, लॉक करून टाका. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं.