कटिंग न मारणारा बाइंडर : जुन्या चित्र-अंकांच्या बांधणीचा अनुभव

कोल्हापुरात महाद्वार रोडमागच्या एका गल्लीत बसणाऱ्या बाइंडरकडून मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या संग्रहातील तीन खंड बांधून घेतले : एक मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा, एक ‘आवाज’च्या दिवाळी अंकांचा आणि एक शि. द. फडणीस यांची मुखपृष्ठे असलेल्या ‘मोहिनी’च्या अंकांचा. दुकानाला पाटी नाही आणि सगळे गिऱ्हाईक त्यांना ‘मामा’ एवढेच म्हणते, त्यामुळे नाव देता येत नाही. काम मात्र जुनी चित्रे जपणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगावे असे झाले आहे.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी बांधायला दिलेले इंद्रजालचे अंक परत आले, तेव्हा ते तिन्ही बाजूंनी मशीनवर कापून एकसारखे केलेले होते. मुखपृष्ठांवरच्या चित्रकाराच्या सह्या अर्ध्या गेल्या होत्या आणि आतल्या एका पानावर वेताळाच्या, म्हणजे मराठी ‘इंद्रजाल’मधल्या फँटमच्या, घोड्याचे कान उडाले होते. ली फॉक यांनी १९३६ साली सुरू केलेली फँटमची मालिका मुळात वर्तमानपत्रातील आडव्या पट्ट्यांसाठी काढलेली होती. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल’मध्ये त्याच चौकटी पुस्तकाच्या उभ्या पानावर बसवल्या गेल्या आणि कडेला मोकळी जागा फार थोडी उरली. या मालिकेचे एक चित्रकार साय बॅरी यांनी काळ्या शाईत उभे केलेले जंगल चौकटीच्या अगदी काठापर्यंत पसरलेले असते, त्यामुळे कागद दोन-तीन मिलिमीटर कापला तरी थेट चित्रावर घाव बसतो. ते अंक पुन्हा मिळणार नाहीत, याचे दुःख आजही आहे.

मामांनी पहिला अंक हातात घेऊन उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्याला कटिंग मारायचं न्हाई. चित्र खातंय ते.” त्याच क्षणी मी तिन्ही गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले.

गंजलेल्या पिना त्यांनी चिमट्याने एकेक करून सोडवल्या, प्रत्येक अंकाच्या पाठीला पातळ कागदाची पट्टी लावली आणि सुती दोऱ्याची शिलाई त्या पट्टीतून घातली, मूळ पानातून नाही. त्यामुळे खंड टेबलावर सपाट उघडतो आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधल्या घडीत गिळले जात नाही. खळीत त्यांनी मोरचूद घातला आहे, कारण इथल्या पावसाळ्यात नुसत्या खळीवर कसर लागायला वेळ लागत नाही. २०१९ च्या पुरात माझ्या एका खोक्याला ओल लागली होती. त्यातील एकमेकांना चिकटलेली पाने मात्र त्यांनाही सोडवता आली नाहीत, आणि तसे त्यांनी काम हातात घेण्याआधीच स्पष्ट सांगितले होते.

खरी कसोटी ‘आवाज’ची होती. मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकाची ओळख म्हणजे खिडकीचित्रे : वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून खालच्या चित्राचा एवढासा भाग दिसतो, मनात भलताच अर्थ येतो आणि पान उलटताच काहीतरी निरुपद्रवी निघते. हे पान शिलाईत जरासे सरकले तरी खिडकीतून भलताच कोपरा दिसू लागतो आणि विनोद मरतो. मामांनी शिवण्याआधी प्रत्येक खिडकी खालच्या चित्राशी जुळवून पाहिली. खंड घरी आणल्यावर मी एकूण एक खिडकी उलटून पाहिली आणि एकही चुकलेली नव्हती. शाळकरी वयात वडिलांच्या नजरेआड हे अंक उघडताना होई तसाच आनंद झाला.

फडणीसांच्या खंडात प्रत्येक मुखपृष्ठ जागच्या जागी आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण बांधणीत मुखपृष्ठे काढून टाकण्याची जुनी खोड अनेकांना आहे. भोज या गावी १९२५ साली जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिकलेल्या या चित्रकाराची चित्रे शब्दांशिवाय बोलतात. एका व्यक्तीच्या कपड्यावर मांजरे, शेजारच्या व्यक्तीच्या कपड्यावर उंदीर, हे त्यांचे गाजलेले मुखपृष्ठ पाहिले की त्याला मथळ्याची गरज का नव्हती ते कळते. स्वच्छ रेषा आणि सपाट रंग असलेल्या अशा चित्रावर खळीचा एक डाग पडला असता तरी तो डोळ्यांत खुपला असता. माझ्या खंडात असा डाग कुठेही नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तीन आठवड्यांचा वायदा होता, सात लागले. रेक्झिनचे रंग तीनच आहेत. पाठीवरच्या सोनेरी अक्षरांत ‘फडणीस’मधील ‘णी’ ऱ्हस्व पडला होता. तो त्यांनी जादा पैसे न घेता बदलून दिला. एका खंडाला ४५० रुपये पडले. मशीनवरच्या बांधणीपेक्षा ही रक्कम जास्त आहे, पण हाताच्या एवढ्या कामाला मला ती रास्त वाटली.

आता ‘ललित’चे दिवाळी अंक द्यायचे आहेत. त्यांची मुखपृष्ठे वसंत सरवटे यांची आहेत, आणि सरवट्यांचा जन्म कोल्हापूरचाच, हे ऐकून मामांनी ते गणपतीआधी आणून द्यायला सांगितले आहे. पिना घरी काढू नका, असेही त्यांनी बजावले आहे.