ट्रायप्लाय कढई: वर्षभराच्या वापरानंतर, आणि मुख्यतः रिव्हेटबद्दल

कढईचा एक कान हलायला लागला, म्हणून लिहायला बसले. तीन लिटरची स्टीलची ट्रायप्लाय कढई, घरात माणसं पाच, दोन्ही वेळची भाजी-आमटी तिच्यातच. वर्ष होत आलं. आत-बाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियम, इंडक्शनवरही चालते, हे सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवातीला पोहे आणि बटाट्याच्या काचऱ्या बुडाला धरायच्या. रिकामी कढई मध्यम आचेवर तापवायची, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र करून आटता कामा नये, गोळी होऊन पळाला पाहिजे. मग गॅस बारीक करून तेल. हे हाताला बसलं आणि चिकटण्याची तक्रार संपली. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, त्यामुळे रवा भाजताना मधला आणि कडेचा रवा एकाच रंगाचा होतो. पिठलं मधोमध करपत नाही. चिंच-कोकमाची आमटी लोखंडी कढईत काळी पडते, इथे तो प्रश्नच नाही. तळाला निळसर-सोनेरी छटा येते ती तापल्याने येते, लिंबाची फोड चोळली की जाते. घावन मात्र अजूनही बिडाच्या तव्यावरच.

आता रिव्हेट, म्हणजे कान कढईला जोडणारे धातूचे खिळे. प्रत्येक कानाला दोन, म्हणजे कढईच्या आत चार डोकी. रस्सा तिथवर चढला की डोक्याच्या कडेला हळद-तेल साचतं आणि तिथेच वाळतं. मावशी कढई लख्ख घासतात, पण घासणी त्या कोपऱ्यात पोचत नाही. जुना टूथब्रश घेऊन रोज ते मी काढते. एवढ्या महागाच्या भांड्यात हे का सोसायचं, असं मला महिनोन्‌महिने वाटत होतं. वेल्डिंगचे कान असलेली घ्या, असं दोघी-तिघींना सांगितलंही.

मग कान हलायला लागला. कंपनीची वॉरंटी दहा वर्षांची. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं. उत्तर आलं की ही वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. रोजचा स्वयंपाक करून कान ढिला होणार असेल आणि तो वॉरंटीत बसणार नसेल, तर दहा वर्षांची हमी नक्की कशाची? याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. मनस्ताप झाला तो पैशांपेक्षा या टोलवाटोलवीचा.

शेवटी कढई घेऊन पुण्यातल्या कसबा पेठेत, तांबट आळीत गेले. तिथे काम तांब्या-पितळेचं, मठारकामाचं, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके पाडण्याचं, पण कारागिराने कढई हातात घेऊन कान हलवून पाहिला आणि थांबा म्हणाला. आतलं डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवलं, बाहेरून हातोडीचे मोजके ठोके घातले. कान घट्ट. पन्नास रुपये. आज ती काठोकाठ भरून दोन्ही हातांनी उचलते, जराही हलत नाही.

तेव्हापासून माझं मत बदललं. जाऊबाईंच्या कढईचा वेल्डिंगचा कान निखळला, तेव्हा वेल्डिंगवाल्याने हात लावायला नकार दिला आणि चांगलं भांडं माळ्यावर गेलं. नॉनस्टिकचं तर कोटिंग गेलं की भांडंच गेलं. आमच्याकडे दर दीड-दोन वर्षांनी हजारभर रुपये त्यात जात होते. ही कढई चोवीसशेची, आणि तिचा जो भाग बिघडू शकतो तो हातोडीने दुरुस्त होतो. टूथब्रशचं काम मी त्या बदल्यात आनंदाने करेन.

आता दोन लिटरची घ्यायची आहे. रिव्हेटवालीच घेणार, फक्त रिव्हेट काठाच्या जितके जवळ तितकं बरं, म्हणजे रस्सा तिथवर पोचत नाही. दुकानात कान ओढून बघा आणि आतल्या डोक्याच्या कडेने नख फिरवा. फट लागली तर दुसरी कढई काढायला सांगा.